सुभेदार काका, नाणं अजून पडतं

शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला गेलात हे मला पोळ्यानंतर कळलं. फोन केला तर तुम्ही नेहमीसारखं "बरी हायेस ना पोरी? ठेवू मंग?" म्हणून दोन मिनिटांत आटोपलंत. म्हणून रिव्हॉल्व्हर घेताना आणि बाळगताना तुम्ही मला जे शिकवलं ते सगळं लिहून काढलं. तुमची नात वाचून दाखवेल. सगळ्यांपुढे लिहितेय, कारण आपल्याकडे रोकड घेऊन गावोगाव फिरणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या गावात तुमच्यासारखा माणूस नसतो.

२०२२ ची दिवाळी नुकतीच झाली होती. यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि खेडा खरेदी मीच बघत होते. पुलगावहून आर्वीकडच्या गावांत छोटा हत्ती टेम्पो घेऊन जायचं, काटा करायचा, कापूस भरायचा, रोख मोजून द्यायची. सरकारी खरेदीचा भाव चांगला असला तरी पैसे खात्यावर यायला वेळ लागतो. ज्याच्या घरी लग्न किंवा दवाखाना आहे तो थांबत नाही, आमच्यासारख्यालाच देतो. त्या संध्याकाळी मोटारसायकलवरून दोघं आले, ड्रायव्हरच्या तोंडावर तिखट फेकलं आणि माझ्या मांडीवरची पिशवी ओढून नेली. तक्रार दिली. तिचं पुढे काय झालं ते सोडा.

दुसऱ्याच दिवशी मी तुमच्या ओसरीवर येऊन बसले. फौजेत तुम्ही आर्मरर होता, म्हणजे सगळ्या पलटणीची हत्यारं तुमच्या हातून दुरुस्त होत, एवढंच मला माहीत. म्हटलं, काका, मला रिव्हॉल्व्हर पाहिजे, कोणतं घेऊ? तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात आणि माझ्या हाताकडे बघत राहिलात. "आत्ता तुयाच हात कापून रायला. पंधरा दिवसानं ये." मला राग आला होता, आज सांगते.

पंधरा दिवसांनी आले ती मोबाइलमध्ये फोटो घेऊन. निर्भीक. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून काढलेलं, ५०० ग्रॅमचं, दागिन्यांच्या डबीसारख्या मरून डबीत मिळणारं. बाजारात आलं तेव्हाच किंमत १ लाख २२ हजारांच्या वर. तुम्ही चष्मा वर करून फोटो पाहिलात आणि म्हणालात, "तू डबी घिऊन रायली का बंदूक?" आतला सगळा कारभार तोच, बत्तीस बोरचं (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, फक्त धातू हलका. दोनशे ग्रॅम वाचवायला तेवढे जास्तीचे पैसे कशाला, हा तुमचा सवाल होता. बावीस बोरचं निडर म्हणून त्याहून हलकं, अडीचशे ग्रॅमचं होतं, स्वस्तही होतं. पण त्यात काडतुसाच्या पुंगळीच्या काठावर घोडा, म्हणजे मागून आपटणारा खटका, पडून बार उडतो, तिथं मधल्या टोपीचं काडतूस जास्त भरवशाचं, असं म्हणून तुम्ही तेही बाजूला सारलंत.

बोर एवढेच का, हेही तेव्हाच कळलं. सिनेमातलं नऊ एमएम आपल्याला मिळतच नाही. ते प्रतिबंधित बोर आहे, साध्या माणसाच्या परवान्यात बसत नाही. म्हणजे खिशात बाळगायच्या हत्यारात आपली निवड जवळपास बत्तीस आणि बावीसमध्येच संपते. परदेशातून येणारी नवी हत्यारंही १९८० च्या दशकातच सामान्य परवानाधारकाला बंद झाली. त्यामुळे त्याआधी आलेली जुनी पिस्तुलं हातोहाती फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून शेत विकावं वाटतं.

परवान्याला किती दिवस लागले त्याचा हिशेब मी ठेवला होता, पण तो इथं उगाळत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिसांचा अहवाल, डॉक्टरचा कागद, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. पैसे बँकेतून काढल्याच्या नोंदी आणि तक्रारीची प्रत अर्जाला जोडायला तुम्हीच लावलंत. "भेव वाटते असं लिहू नको, काय झालं ते लिही," म्हणालात. परवाना आला. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षं चालतो, आधी तीनच वर्षं चालायचा.

मग आपण सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. तो दिवस मला आजही पाठ आहे. दुकानदारानं आधी जुनं परदेशी पिस्तूल मखमलीवर ठेवलं. चपटं, सुंदर, ओढणीखाली दिसणारही नाही असं. मी त्याच्या प्रेमातच पडले. तुम्ही मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून, आत बोट घालून रिकामं असल्याची खात्री केलीत आणि माझ्या हातात देऊन म्हणालात, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढ. माझी ओढली जाईना. दुसऱ्यांदा अर्धी आली आणि निसटली. लहानपणी बैलगाडीवरून पडून मोडलेलं माझं डावं मनगट तुम्हाला ठाऊक होतं, दुकानदाराला नव्हतं. तुम्ही त्याच्याकडे बघून हसलात. "अन् काडतूस नाही उडालं त?" पिस्तूल अडलं तर तीच स्लाइड परत ओढायची. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर बोटानं पुन्हा चाप ओढायचा, काडतुसांची चक्री फिरते, पुढचं काडतूस समोर येतं. शिवाय त्या पिस्तुलाची स्प्रिंग तुटली तर कुठून आणणार?

नंतर एक वापरलेलं रिव्हॉल्व्हर निघालं, किंमत निम्मी. तुम्ही काय केलंत ते जसंच्या तसं लिहिते, कोणाच्या तरी कामी येईल. आधी चक्री बाहेर काढून सहाही घरं रिकामी आहेत हे मला मोजायला लावलंत. मग चक्रीच्या जागी, नळीच्या मागच्या तोंडाशी, पांढरा कागद धरून पुढून आत पाहिलंत आणि मलाही दाखवलंत. नळीच्या आतल्या आट्यांमध्ये बारीक काळे खड्डे, देवीच्या वणासारखे. गंज चढून गेलेला. चक्री बसवून, घोडा पाडून, चाप दाबलेलाच ठेवून दोन बोटांनी चक्री हलवलीत. ती डुगडुगली. तेव्हा घर आणि नळी एका रेषेत राहत नाही, गोळी काठाला घासून जाते. शेवटी हत्यारावरचा नंबर आणि त्याच्या कागदावरचा नंबर ताडून पाहिला. तो जुळत होता, तेवढंच बरं. तुम्ही हत्यार परत मखमलीवर ठेवलंत आणि चहा मागितलात.

घेतलं ते कानपूरचं साधं बत्तीस बोर, नवं. तीन इंचाची नळी, सातशे ग्रॅमच्या आसपास वजन, अजिबात देखणं नाही. तेव्हा त्यावर २८ टक्के जीएसटी लागला म्हणून मी कुरकुरले होते. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय, तेव्हा ती कुरकुर मागे घेते. काडतुसंही आपल्याच राज्यातली, खडकीची. बुडावरची केएफ अक्षरं तुम्ही भिंगाखाली दाखवलीत, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी तुम्ही तुमच्या नोकरीबद्दल एक वाक्य बोललात. ते तुमच्याजवळच राहू द्या.

खरं काम नंतर सुरू झालं. तुमच्या मागच्या अंगणात, दर रविवारी. घरं रिकामी, दोनदा तपासलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नळी मातीच्या भिंतीकडे. नळीवर पाच रुपयांचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. पहिल्या रविवारी नाणं टिकलंच नाही. डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा उचलून पाडणारा, चाप जड असतो, बोट ओढायला गेलं की सगळा पंजा आवळतो आणि नळी खाली जाते. तुम्ही फक्त "अजून" म्हणायचात. काकू आतून म्हणायच्या, "पोरीले जेवू त द्या!"

बाळगायचं कुठं, हा प्रश्न दुकानात कोणी सांगत नाही. मी सरळ पिशवीत ठेवणार होते. तुम्ही विचारलंत, मागच्या वेळी त्यांनी काय ओढलं? पिशवीच. मग हत्यारही त्यांचंच. साडीत कमरेला आधार नाही, म्हणून फेरीच्या दिवशी पंजाबी ड्रेस, आत रुंद पट्टा आणि पुलगावच्या चर्मकारदादांनी शिवलेलं जाड चामड्याचं कव्हर, चाप पूर्ण झाकणारं, वर बटण. दादांनी आधी मोबाइलच्या कव्हरसारखं पातळ शिवलं होतं, ते तुम्ही परत पाठवलंत. अंगावर झाकलेलं आणि ताब्यात असलं पाहिजे, लोकांना दिसायला नको, हे नियमातही आहे आणि शहाणपणातही.

एक गोष्ट मात्र तुम्हालाही माझ्याकडून कळली, आठवतं? पहिल्याच हंगामात चक्री अडकू लागली. तुम्ही उघडलंत तर आत कापसाची रुई. मी आठवड्याला तेल ओतत होते आणि कापसाच्या ढिगाऱ्याशेजारी उभी राहत होते, म्हणून तेलावर रुई चिकटून नुसता गाळ झाला होता. तुम्ही दात घासायच्या ब्रशनं तो काढलात आणि हसत म्हणालात, "फौजेत हे कोनी नाही शिकवलं." तेव्हापासून तेल फडक्याला लावून नुसतं पुसायचं. मे महिन्यात उलटा त्रास. ४५ अंशांत घामानं पट्ट्याकडची बाजू दोन दिवसांत लालसर होते, तेव्हा रोज संध्याकाळी कव्हरातून काढून कोरडं करायचं.

पुतण्याच्या हळदीला पोरांनी "काकू, एक होऊन जाऊ द्या" म्हणून गळ घातली होती. घरीच कुलपात ठेवून गेले होते. लग्नात हवेत उडवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे मी त्यांना ऐकवलं तेव्हा एकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि हत्यार जमा करायची नोटीस आली. २० नोव्हेंबरला मतदान. म्हणजे ऐन कापसाचा हंगाम, सगळ्यात जास्त रोकड फिरते ते दिवस, आणि माझं रिव्हॉल्व्हर ठाण्यात. मी तुमच्याकडे चिडून आले. तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणालात, "मंग आता तरी मी बाकीचं सांगतलं ते कर."

बाकीचं म्हणजे जे मी दीड वर्ष टाळत होते. कोणत्या गावी कधी जाणार ते आदल्या दिवशी कोणालाच सांगायचं नाही, काटेवाल्यालासुद्धा नाही. पन्नास हजारांवरचे सगळे पैसे खात्यावर. ज्याला रोखच पाहिजे त्याला थोडं हातात, बाकी उद्या बँकेत. एकाच वाटेनं जाणं-येणं नाही, सूर्य मावळायच्या आत घरी. मागे गाडी लागली तर घराकडे वळायचं नाही, उजेड आणि माणसं असतील तिथं थांबायचं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक मोटारसायकल आमच्या मागे लागली. दोघं, तोंडाला रुमाल. धुळीमुळे सगळेच बांधतात, तरी. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप कमरेला गेला. तिथं नुसता पट्टा. फाट्यावरच्या चहाच्या टपरीसमोर, जिथं दहा-बारा माणसं निवडणुकीच्या गप्पा करत होती, तिथं गाडी उभी करायला लावली आणि खाली उतरून मोठ्यानं चहा सांगितला. मोटारसायकल हळू झाली, मग पुढे गेली. ते कोण होते मला अजून माहीत नाही. आपल्या कामाला जाणारी पोरंही असतील. चहा मात्र दोन घेतले.

निकालानंतर रिव्हॉल्व्हर परत आणलं. आजवर ते कोणावर काढायची वेळ आली नाही. रविवारी सकाळी, कपाशीत बाया यायच्या आधी, तुमच्यासारखीच सहा घरं दोनदा मोजते आणि नाणं ठेवते. दहातल्या सात वेळा टिकतं. तीनदा पडतं, आणि पडलं की तुमचं "अजून" ऐकू येतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, म्हणून तुरीची डाळ पाठवतेय, यंदाची, घरच्या जात्यावरची. काकूंना सांगा, पुण्याची डाळ शिजत नाही म्हणत होत्या ना. दिवाळीत याल तेव्हा अंगणाची चावी माझ्याकडेच आहे.

तुमची,
कापूसवाली पोरगी