एक मृगबाग आणि तिची पिलबाग

निंभोरा, ता. रावेर
मृगाचा दुसरा दिवस

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. एकदा बागेत, एकदा जेवताना, आणि तिसऱ्यांदा तुझी आई झोपल्यावर, कारण जेवताना ती मध्ये मध्ये बोलत होती. मोबाइलसमोर बोलायला लागलो की गेटमनला निरोप द्यावा तसं माझं दोन वाक्यांत आटपतं, म्हणून लिहायला बसलो. धाकटा याचे फोटो काढून आजच पाठवेल. मूळ कागद पार्सलमध्ये येतील.

तू म्हणतेस, एम.कॉम. झालं, विद्यापीठाकडून पळायचं वय संपलं, आता नाशिकलाच राहून ‘प्रोफेशनल रनर’ व्हायचं. आणि शेवटी म्हणालीस, “नोकरीचा फॉर्म भरला तर मी हरले असंच समजा, अण्णा.” ते वाक्य मला लागलं. खोटं कशाला सांगू.

अठ्ठावीस वर्षं मी रेल्वेत कीमन होतो, रोज चालत रूळ तपासणारा. सहा किलोमीटरचा बीट, खांद्यावर हातोडा, पिशवीत चाव्या नि झेंड्या, जाताना एका रुळावर नजर आणि येताना दुसऱ्या. मे महिन्यातसुद्धा. अंतराचं भय मला कधी वाटलं नाही आणि तुलाही ते वाटत नाही, याचं मला तुझ्या पदकांपेक्षा जास्त कौतुक आहे. (पदकं आई पुसते, मी नाही.) पण अंतर कापणाऱ्याला पगार कोण देतो, हा प्रश्न मला पहिल्याच महिन्यात पडला होता. तोच तुझ्यासाठी गेले आठ दिवस विचारत बसलो. धाकटा मोबाइलवर वाचून सांगायचा, मी वहीत टिपून घ्यायचो.

तुझं म्हणणं, अमेरिकेत कॉलेज संपलं की मुली प्रोफेशनल होतात. होतात, खरं आहे. तिकडे कॉलेजच्या संघातून चार हंगाम पळता येतं. चांगल्या मुलींना शिष्यवृत्ती, शिवाय कोच, फिजिओ, बूट सगळं कॉलेजचं. चौथा हंगाम संपला की हे सगळं एकदम बंद. मग ज्या थोड्यांच्या वेळा फारच चांगल्या, त्यांना बूट बनवणाऱ्या कंपन्या करार देतात. करार म्हणजे नोकरी नव्हे, पोरी. पीएफ नाही. ठरल्यापेक्षा कमी शर्यती पळालीस, क्रमवारीत घसरलीस, तर रक्कम कापायची कलमं त्यात असतात. बाळंतपणातसुद्धा कापायचे. २०१९ मध्ये काही नावाजलेल्या धावपटू बायका त्यावर उघड बोलल्या, तेव्हा कुठे नियम सुधारायला लागले. हे वाचून मला आमची युनियन आठवली. बाकीच्या मुली काय करतात? दुकानात काम, शिकवण्या, मुलं सांभाळणं, आणि पहाटे-संध्याकाळी सराव.

पण त्या वहीतलं एक पान मी पुन्हा पुन्हा वाचतो. २०१८ सालची बोस्टन मॅरेथॉन. एप्रिल महिना, आपल्याकडे बेचाळीस अंश, तिकडे पाणी गोठायला थोडंच बाकी, वर पाऊस आणि समोरून वारा. मोठमोठे धावपटू अर्ध्यातून बाहेर पडले. बायकांत जिंकली डेझिरी लिंडेन. कॉलेजात असताना ती काही पहिल्या नंबरची नव्हती. कॉलेज सोडून मिशिगनला गेली. तिथे हॅन्सन नावाच्या दोन भावांची बुटांची दुकानं आहेत. त्यांनी १९९९ पासून असा संघ चालवलाय की कॉलेज संपलेली, कंपन्यांनी न उचललेली पोरं-पोरी एका घरात राहतात, सोबत सराव करतात आणि काही तास दुकानात काम करतात. २०११ मध्ये ती बोस्टनला दुसरी आली, फक्त दोन सेकंदांनी. जिंकली त्यानंतर सात वर्षांनी, चौतीस वर्षांची असताना. आणि त्या दिवशी तर तिला सुरुवातीलाच शर्यत सोडावीशी वाटत होती. सोडायचीच आहे तर दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ म्हणून ती एका जोडीदारणीसाठी हळू झाली, तिला पुढच्या घोळक्यात आणून सोडलं, आणि मग स्वतःच जिंकून गेली. हे मी तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, “असं आपली मनूही करते, पण ती मग जिंकत नाही.”

त्याच दिवशी पुरुषांत कोण जिंकलं माहीत आहे? जपानचा युकी कावाउची. सरकारी कारकून! एका सरकारी शाळेच्या ऑफिसात पूर्णवेळ नोकरी, कामावर जाण्याआधी सराव, आणि रजा टाकून शर्यती. बोस्टन जिंकल्यावर पुढच्या वर्षी त्यानं नोकरी सोडली. जिंकल्यावर, हे लक्षात घे. जपानात तशी कंपन्यांचीच संघपद्धत आहे. कॉलेजची पोरं जानेवारीच्या दोन-तीन तारखेला हाकोने एकिदेन नावाची रिले पळतात, दोन दिवसांत दोनशेहून जास्त किलोमीटर, आणि सगळा देश ती टीव्हीवर बघतो. त्यांतल्या चांगल्यांना मग कंपन्या नोकरीवर घेतात, पगार देतात, थोडं काम, बाकी पळणं. म्हणजे हे आपल्या रेल्वेसारखंच झालं की!

आता आपलं बघ. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. बारावी झाल्यावर सैन्यात गेला तो नोकरीसाठी, पळण्यासाठी नव्हे. सियाचीनला राहून आला, मग क्रॉसकंट्रीत, म्हणजे रानामाळातून पळण्यात उतरला, मग स्टीपलचेस, म्हणजे ट्रॅकवर अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद. ललिता बाबर माणदेशातली, रेल्वेत नोकरीला होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई त्याआधी १९८४ मध्ये पी. टी. उषा. आणि नाशिकची कविता राऊत, सावरपाड्याची, तिचं तुला मी काय सांगू, तिच्याच मैदानांवर तू पळतेस. ती ओएनजीसीत. यांच्यापैकी कुणी नोकरी लागली म्हणून हरलेलं मला दिसत नाही. आपल्याकडे ‘प्रोफेशनल’चा अर्थ बहुतेक वेळा हाच आहे: मस्टरवर नाव, आणि स्पर्धेला जायला स्पेशल कॅज्युअल लीव्ह. भुसावळला मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या ऑफिसात एक भालाफेकवाला होता. वर्षात निम्मे दिवस दिसायचा नाही आणि त्याच्याबद्दल कुणी कुरकुर केली तर साहेबच ओरडायचे.

पोलिस भरतीला जा असं मी म्हणालो होतो, ते मात्र मागे घेतो. तिथे मुलींना आठशे मीटर पळवतात, ते तुझं वॉर्मअप. पण ट्रेनिंग, मग गणपती, मग निवडणुका, बंदोबस्तात उभी राहशील तर पाय कधी मोकळे करशील? ते नको.

आता हिशोब. तू चिडशील, तरी कर. तुझी दहा हजार मीटरची सर्वांत चांगली वेळ ३६ मिनिटं ५ सेकंद. राष्ट्रीय स्पर्धेत पदकाच्या जवळपास जायचं तर ३४ च्या आत यावं लागतं. म्हणजे १२५ सेकंद. ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. फेरीला पाच सेकंद. ‘दोन मिनिटं’ म्हटलं की मला डोंगर वाटत होता. पाच सेकंद म्हटल्यावर पहिल्यांदा वाटलं की होईल. पण तू तीच पाच सेकंदं दर रविवारी बाजारात विकतेस. या गावची दहा किलोमीटर, त्या गावची हाफ मॅरेथॉन, पाच हजार रुपये, मिक्सर, सायकल. गेल्या हिवाळ्यात अकरा रविवारांत नऊ शर्यती पळालीस, मी मोजल्यात. आणि त्यातल्या एकीचा तो पुठ्ठ्याचा मोठा चेक अजून कपाटामागे उभा आहे. खरे पैसे आलेच नाहीत, आयोजक फोन उचलत नाहीत. तुझ्या आईनं परवा त्यावर बिबडे वाळत घातले. मुंबई मॅरेथॉनचं वेगळं. तिथे भारतीयांतल्या पहिल्याला पाच लाख मिळतात. त्यासाठी सहा महिने तयारी केलीस तर मी काही बोलणार नाही. मिक्सरसाठी पळू नकोस. मिक्सर आहे घरात.

पुढचं आई लिहायला सांगते आहे, मी फक्त लिहितो. ती म्हणते, “तिला विचारा, जेवू राहिली का नीट.” मागच्या वर्षी नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली, हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. डॉक्टरांनी आराम सांगितला आणि गोळ्या दिल्या. पाळी नियमित येते का, हे कुणीच विचारलं नाही. आईला माहीत होतं की चार महिने आली नव्हती, आणि तुम्ही दोघींनी ते मला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आता मी वाचलंय. पळण्यात जेवढं जातं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि मग हाडं ठिसूळ होतात. वजन कमी म्हणजे वेग जास्त, हे जे कुणी तुझ्या डोक्यात भरवलंय त्याला एकदा निंभोऱ्याला घेऊन ये, कळण्याच्या भाकरीवर बसवू.

मॉली सायडेल नावाची मुलगी आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दहा हजार मीटर आणि क्रॉसकंट्री, दोन्ही जिंकली. तिला बुटांचे करार मिळत होते. तिनं नाही म्हटलं, कारण तिला खाण्याचाच आजार जडला होता. आधी ती उपचाराला गेली. नंतर कॉफीच्या दुकानात काम केलं, लोकांची मुलं सांभाळली. आणि टोकियो ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये, २०२१ मध्ये, तिसरी आली. आयुष्यातली तिसरीच मॅरेथॉन होती ती. तेव्हा फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी या आठवड्यात करून घे, नुसतं हिमोग्लोबिन नको. आणि जेवणासोबत चहा बंद. लोह अंगी लागत नाही त्यानं.

(तोरणमाळला राहून सराव कर, असंही मी सुचवणार होतो. उंचावर रक्त सुधारतं ना? मग कळलं, तोरणमाळ अकराशे मीटरच्या आसपास, आणि त्यासाठी दोन हजारांच्या वर राहावं लागतं, म्हणून आपले धावपटू उटीला जातात. तरी नाशिक बरं. इथल्यापेक्षा ऊन तरी कमी.)

वरणगावच्या आत्यानं स्थळ आणलं होतं. मुलगा इंजिनियर. मी म्हटलं, पोरगी सध्या मोकळी नाही. आत्या रुसून गेली, येईल परत, पापड न्यायला.

तर माझं असं ठरलंय. उद्यापासून केळीची मृगबाग लावतोय, साडेतीन हजार रोपं. वर्षभरानं घड कापले की बुडातून फुटलेला एक कोंब, म्हणजे पील, राखायचं, त्याची पिलबाग होते. ती आणखी नऊ-दहा महिन्यांत कापणीला येते. हा एवढा काळ तुझा. खोलीभाडं, जेवण, बूट, फिजिओ, महिना बारा हजार मी पाठवणार. वादळानं बाग झोपवली तरी पाठवणार, पेन्शन आहे. या काळात शर्यती तू आणि कोच ठरवा, वर्षाला आठाच्या वर नकोत. दर तीन महिन्यांनी ट्रॅकवरची वेळ मला कळव, खरी, घड्याळातली. ‘बरं वाटलं’ असं नको.

पिलबाग कापल्यावर काय, ते मी आज विचारत नाही. अमेरिकेत कीरा डी’अमाटो म्हणून एक आहे. कॉलेजनंतर पायाच्या दुखण्यानं तिचं पळणं सुटलं. लग्न झालं, दोन मुलं झाली, घरं विकायचा धंदा सुरू केला, मग सहज पुन्हा पळायला लागली आणि २०२२ मध्ये सदतिसाव्या वर्षी मॅरेथॉनमध्ये अमेरिकेचा विक्रम केला, २ तास १९ मिनिटं १२ सेकंद. आत्याला हे सांगितलं नाही. दोन मुलं एवढंच ऐकलं असतं तिनं.

रेल्वेचा स्पोर्ट्स कोट्याचा फॉर्म मात्र भरायचा. लागला तर सरावाला सोडतात, नाही लागला तर काही गेलं नाही. धाकट्यानं निम्मा भरून ठेवलाय. आंतरविद्यापीठ स्पर्धेची प्रमाणपत्रं स्कॅन करून पाठव, आणि एक फोटो. मैदानावरचा नको, घामाचा तर मुळीच नको. पांढऱ्या भिंतीसमोरचा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. वीस तारखेच्या आत.

पार्सलमध्ये कळण्याचं पीठ पाच किलो, शेंगदाण्याची चटणी, आईचे बिबडे. हो, चेकवरचेच.

तुझे,
अण्णा