तंजावरला महिनाभर माणूस पाठवायचाय, हातभार लावा

नमस्कार मंडळी, आपल्या मोडीच्या (मराठीची जुनी धावती लिपी) क्लासकडून हे आवाहन आहे, जरा लांबलंय पण वाचा.

तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय तुमच्यापैकी काहींनी ट्रिपमध्ये बघितलं असेल. व्यंकोजीराजांपासून (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ) १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांचं राज्य, त्यामुळे संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांच्या जोडीला मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिथं पडून आहेत. शहाजीराजांची (शिवाजी महाराजांचे वडील नव्हे, व्यंकोजीचे चिरंजीव, १६८४ ते १७१२) मराठी नाटकं आहेत, म्हणजे पहिलं मराठी नाटक म्हणतात ते विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर सांगलीत झालं १८४३ ला, त्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधीची! याच घराण्यातल्या पुढच्या सरफोजीराजांच्या वेळची डोळ्यांच्या पेशंटची टिपणं आहेत, चित्रांसकट.

आता अडचण अशी की कागद तिकडे आणि मोडी वाचणारे इकडे.

मागच्या वर्षी आपला एक मुलगा स्वखर्चाने चार दिवस गेला होता. पहिले दोन दिवस नुसतं एका कारकुनाचं अक्षर डोळ्यात बसवण्यात गेले, मोडीत र्‍हस्व-दीर्घ नाही, शब्द सुटे नाहीत, सगळं एका रेघेला लटकून पळत असतं. त्यात एका हिशेबात सारखं 'कलम' येत होतं, हा आपला यादीतलं कलम समजून वाचतोय आणि अर्थ काही लागेना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तमिळ बाईंनी सांगितलं, अहो कलम म्हणजे आमच्याकडचं धान्याचं माप. मग पानं भराभर उलगडायला लागली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळची गाडी. म्हणून महिनाभर राहायला हवं, त्याशिवाय काही हाताला लागत नाही.

तर यंदा दोघांना महिना-महिना पाठवायचं ठरवलंय. फेलोशिप हे भारदस्त नाव झालं, खरं तर रेल्वेचं तिकीट, खोलीभाडं, दोन वेळचं जेवण आणि कॉपी काढायचे पैसे, बास. एकाचे साधारण ३५ हजार धरलेत, दोघांचे ७०, त्यातले २२ जमलेत. ग्रंथालयाची परवानगी ज्याची त्याने रीतसर काढायची. डिग्री बघणार नाही, समोर कागद ठेवू, वाचता आला पाहिजे. परत आल्यावर केलेलं लिप्यंतर क्लासला द्यायचं, एक प्रत ग्रंथालयाला पण.

५०० द्या, ५००० द्या, सगळ्याची पावती मिळेल. पैसे जमत नसतील तर तंजावरात कोणी ओळखीचं, एखादी स्वस्त खोली, हे तरी कळवा, तिथं अजून मराठी घरं आहेत. आणि इथं कोणी तमिळ शिकवणारं असेल तर फारच बरं, गेल्या खेपेचा अनुभव सांगितलाच वर.

क्लास दर रविवारी सकाळी १० ते १२, नेहमीच्याच जागी. चपला बाहेर काढून सरळ आत या, पावतीपुस्तक खिडकीपाशी असतं.