न्यायमूर्ती अ‍ॅलन पेज

मिनिआपोलिस

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. पस्तिशी उलटली की खेळाडू फिती कापण्यापुरता उरतो, हे तुझे मत वाचून आमच्या मिनेसोटातल्या अ‍ॅलन पेज यांच्याविषयी तुला लिहिल्यावाचून राहवेना.

पेज यांचा जन्म 1945 चा, ओहायोतल्या कॅन्टन गावचा. 1967 मध्ये ते मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात आले. अमेरिकन फुटबॉलमध्ये ते डिफेन्सिव्ह टॅकल होते, म्हणजे समोरच्या धिप्पाड रांगेतून वाट काढायची आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूने, चेंडू फेकण्याआधी त्याला गाठायचे. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा जो मान तोवर आक्रमणातल्या खेळाडूंकडेच जात असे, तो 1971 मध्ये पेज यांनी बचावफळीत खेळून मिळवला. संघ मात्र चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचला आणि चारही वेळा हरला.

मला खरे अप्रूप वाटते ते पुढच्या गोष्टीचे. बहुतेकांना निवृत्तीनंतर दुसरा उद्योग सुचतो. पेज यांनी खेळत असतानाच मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याचा अभ्यास केला आणि 1978 मध्ये पदवी घेतली. त्याच सुमारास पत्नी डायान यांनी सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली होती. त्यांच्याबरोबर पेजही धावू लागले, वजन उतरले आणि इतका हलका माणूस या जागी चालणार नाही म्हणून व्हायकिंग्जने त्यांना मोकळे केले. शिकागो बेअर्सने अवघ्या शंभर डॉलर शुल्कात त्यांना घेतले, आणि तिथे ते 1981 पर्यंत खेळले! व्हायकिंग्जचा हिशेब चुकला असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळकरी वयात कॅन्टनमधल्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर फुटबॉलपटूंच्या गौरवासाठी उभारलेल्या वास्तूच्या, बांधकामावर त्यांनी मजुरी केली होती. 1988 मध्ये त्याच वास्तूत त्यांचा सन्मान झाला. त्या दिवशी आपली ओळख करून देण्यासाठी त्यांनी एखादा प्रशिक्षक न निवडता मिनिआपोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका निवडल्या आणि संघातल्या काही सहकाऱ्यांना डावपेचांची वहीसुद्धा वाचता येत नव्हती, हे भाषणात उघडपणे सांगितले. गरजू विद्यार्थ्यांसाठी पती-पत्नींनी शिष्यवृत्तीची संस्था काढली तीही त्याच वर्षी.

मिनेसोटात न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. 1992 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवली, त्यामुळे त्या जागेची निवडणूकच टळणार होती. पेज त्याविरुद्ध कोर्टात गेले, जिंकले, मग निवडणूकही जिंकले आणि त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. सत्तरीच्या सक्तीच्या निवृत्तीपर्यंत, 2015 पर्यंत, ते त्या पदावर होते. खेळात मोडून जवळजवळ काटकोनात वळलेल्या त्यांच्या करंगळीकडे मुले टक लावून पाहतात, म्हणून मुलीच्या साथीने त्यांनी त्या करंगळीवर मुलांसाठी पुस्तकही लिहिले.

इथल्या मॅरेथॉनच्या दिवशी रस्त्याकडेला उभे राहून, अंगाला वेढा घालणारे सूझाफोन हे अगडबंब पितळी वाद्य धावपटूंसाठी वाजवण्याचा त्यांचा परिपाठ साऱ्या शहराला ठाऊक आहे. फिती कापायला या गृहस्थांना सवड कधी मिळाली असेल, ते आता तूच मला कळव.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
श्रीधर