कोडचे नमुने दुरुस्त करायला स्वयंसेवक हवेत

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनची देखभाल करणारा आमचा स्वयंसेवकांचा गट आहे. आम्हाला देणगी नको, तुमचा थोडा वेळ हवा आहे.

नवीन शिकणारा आधी नमुना कॉपी करून चालवतो, मजकूर नंतर वाचतो. पहिलाच नमुना अडला की आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं आणि पुष्कळदा तो तिथूनच मागे फिरतो. दोष पानाचा असताना असं व्हावं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

कोड हा कोड म्हणून खुणावलेला नसला, की स्फिंक्स (डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारं सॉफ्टवेअर) त्याला साधा मजकूर समजतं. मग सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात, जोडून आलेल्या दोन हायफनची एक रेघ होते. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) अशा अवतरणचिन्हापाशी सिंटॅक्स एरर देऊन थांबतो, हे त्यातल्या त्यात बरं. शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) मात्र ते साधं अक्षर समजून पुढे जातो आणि भलत्याच नावाची फाइल तयार होते. मार्कडाउन या साध्या खुणांनी मजकूर लिहिण्याच्या पद्धतीची सवय असलेल्यांच्या हातून हे सहज घडतं. तिथे ओळीतल्या कोडला दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक (`) पुरतो, स्फिंक्ससाठीच्या रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट या पद्धतीत दोन-दोन लागतात. एकेकच दिला तर एरवी कसलीही सूचना न येता शब्द तिरप्या अक्षरांत दिसतो, आणि तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतो.

टॅब आणि स्पेसचा घोळ वेगळाच. मेकफाइलमध्ये (सॉफ्टवेअर बांधायच्या कमांडची फाइल) कमांडच्या आधी टॅब लागतो, यॅमलच्या (सेटिंग्ज लिहिण्याची पद्धत) इंडेंटेशनमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत, तो चालतच नाही.

प्रोग्रामिंग येत नसलं तरी मदत करता येईल. तुम्ही नेहमी वापरता त्या सॉफ्टवेअरच्या पानावरचा एक नमुना जसाच्या तसा कॉपी करा आणि रिकाम्या फोल्डरमध्ये चालवून बघा. काही पुसणारी कमांड असेल तर ती सोडून द्या. अडलं तर इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, करा. त्यात पानाचा दुवा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि आलेला एरर संदेश पूर्ण द्या. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर आम्हाला शोधायला फार वेळ जातो.

गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) येणाऱ्यांनी थेट पुल रिक्वेस्ट, म्हणजे केलेला बदल सामील करून घेण्याची विनंती, पाठवावी, पण तिच्यात फक्त फॉरमॅटिंग असावं. मजकुरातले बदल वेगळे पाठवा, म्हणजे तपासणी लवकर होते. पायथनचे नमुने डॉकटेस्ट या साधनाने आपोआप तपासता येतात. ज्यांनी ते आधी वापरलं आहे, त्यांनी आमच्या पानांसाठी ते बसवून द्यावं, ही खास विनंती. आलेले बदल तपासायलाही माणसं कमी पडतात, तेव्हा अनुभवी मंडळींनी आठवड्यातून एखादी पुल रिक्वेस्ट वाचायची तयारी दाखवली तरी मोठा आधार होईल.