शिक्का हवा, सुई नको!

माननीय संपादक,

प्रवासासाठी लसीचा दाखला मागावा की मागू नये, यावरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात चाललेली हमरीतुमरी गेले काही दिवस वाचते आहे. एका पत्रलेखकांच्या मते लस न घेणाऱ्याला विमानात पाऊल ठेवू देऊ नये, तो समाजाचा शत्रू. दुसऱ्यांच्या मते दाखला मागणे ही सरळ गुलामगिरी, आणि लस म्हणजे औषध कंपन्यांची कमाई. दोघांची तळमळ खरी आहे. पण दाखला देणाऱ्या टेबलाच्या अलीकडे दोघांपैकी कोणी बसलेले दिसत नाही. मी परिचारिका होते, आणि निवृत्त होईपर्यंत माझी बरीच नोकरी परदेशी निघालेल्यांना पीतज्वराची (यलो फीवरची) लस टोचण्यात गेली. म्हणून हे पत्र.

त्या खोलीत येणारा माणूस आजारी नसतो. दवाखान्यात येणाऱ्याला बरे व्हायचे असते, आमच्याकडे येणाऱ्याला फक्त जायचे असते. हातात पासपोर्ट, फोनमध्ये तिकीट आणि डोक्यात एकच गोष्ट, पिवळे कार्ड, म्हणजे या लसीचा दाखला. “सिस्टर, सुई नको, नुसता शिक्का मारून द्या ना,” हे मला कोण म्हणत असे? शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची, एरवी अतिशय सभ्य माणसे. लसीला त्यांचा तात्त्विक विरोध वगैरे काही नसे. दंड दुखेल, ताप येईल आणि परवा निघायचे आहे, एवढेच. (परवा निघणाऱ्याला टोचून तरी काय उपयोग? कार्ड लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होते. हे ऐकून रागावणारे तर विचारूच नका. जणू तो नियम मीच घरी बसून केला होता.)

या लसीची एक कुपी अनेकांना पुरते, आणि पावडरीत द्रावण मिसळले की सहा तासांत ती वापरावी लागते, उरली तर फेकून द्यावी लागते. त्यामुळे पुरेशी माणसे जमेपर्यंत आम्ही कुपी उघडत नसू. त्या थांबण्याच्या वेळात लोक बोलत, आणि मला आज या विषयावर जे काही म्हणायचे आहे ते तिथेच ऐकलेले आहे. लसीबाबत का-कू करणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. एखाद्याच्या घरात कुणाला कधीतरी इंजेक्शनची जोरात रिॲक्शन आलेली असते आणि ती भीती पुढच्या पिढीपर्यंत उतरलेली असते. एखादीला लस हवी असते, पण केंद्र लांब, तारीख मिळत नाही आणि रजा शिल्लक नाही. बहुतेकांनी तर तो रोगच कधी पाहिलेला नसतो, मग त्याची धास्ती कुठून येणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही या का-कूमागे जी कारणे मांडली ती हीच: विश्वासाचा अभाव, बेफिकिरी आणि गैरसोय. त्याच संघटनेने २०१९ मध्ये लसीबाबतच्या साशंकतेला जगाच्या आरोग्यापुढच्या दहा धोक्यांत घातले, तेव्हा बातम्यांत फक्त ‘धोका’ तेवढा मोठ्या अक्षरात आला. कारणे कुणी छापली नाहीत.

आता दाखल्याकडे येते. पीतज्वराचा दाखला मागणे मला पूर्ण रास्त वाटते, आणि का ते सांगते. हा रोग आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आहे. आशियात तो नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आशियात आहे. म्हणजे सगळी तयारी आहे, फक्त विषाणू यायचा बाकी. मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये तयार केलेली १७डी ही लस (त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल मिळाले) एका डोसात बहुतेकांना जन्मभर पुरते. लस घेतलेल्याच्या रक्तात तो विषाणू वाढत नाही, त्यामुळे त्याला चावलेला डास पुढे काही नेत नाही. थोडक्यात, दाखला जे रोखायचा दावा करतो ते लस खरोखर रोखते. २०१६ मध्ये अंगोलात मोठी साथ होती, तेव्हा तिथे कामाला गेलेले अकरा चिनी कामगार हा आजार घेऊन मायदेशी परतले. आशियात बाहेरून आलेले हे पहिलेच रुग्ण. सुदैवाने साथ पसरली नाही. भारतही धोक्याच्या देशातून दाखल्याविना आलेल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतो, कारण रोगाची लक्षणे साधारण तेवढ्या मुदतीत दिसतात. यात शिक्षा कुठेच नाही. दाखला नसेल तर सहा दिवस थांबा, मग जा.

कॉलऱ्याची गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. कित्येक वर्षे देशोदेशीच्या सीमांवर कॉलऱ्याच्या लसीचा दाखला मागत. त्या वेळची लस थोडेफार संरक्षण देई, तेही काही महिने, पण जंतू एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याचे थांबवत नसे. अखेर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय नियमांतून ती अट काढून टाकली. लोकांनी ओरड केली म्हणून नव्हे, तर दाखल्याने काही साधत नव्हते म्हणून. तरीही पुढे काही सीमांवर अधिकारी तो शिक्का मागतच राहिले, आणि प्रवासी झंझट नको म्हणून मारून घेत राहिले.

माझे म्हणणे एवढेच आहे, की दाखला रोग अडवण्यासाठी मागितला जातो आहे की माणसाला धडा शिकवण्यासाठी, हे प्रत्येक वेळी विचारायला हवे. कोविडच्या काळात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली. त्यातून लसीवरचा जो विश्वास उडाला तो अजून पुरता परतलेला नाही.

सुरुवातीला दाखल्यामागे कारण होते. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत लशी गंभीर आजार तर टाळतच होत्या, शिवाय संसर्गही बऱ्यापैकी कमी करत होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोविडच्या विषाणूचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला आणि दोन्ही डोस घेतलेल्यांनाही सर्रास लागण होऊ लागली. मरण आणि अतिदक्षता विभाग टाळण्याचे लसीचे काम चालूच राहिले, आणि माझ्या मते लस घ्यायला तेवढे कारण भरपूर होते. पण विमानातल्या शेजाऱ्याला वाचवण्याचा युक्तिवाद लंगडा झाला. नियम मात्र तसेच. अमेरिकेने परदेशी विमानप्रवाशांसाठीची लसीची अट मे २०२३ मध्ये उठवली. तोवर कुठलाही विमानप्रवासी ‘आता हे कशासाठी?’ असे विचारायला लागला होता, आणि त्याला धड उत्तर द्यायला कुणी नव्हते.

जानेवारी २०२२ मध्ये कोविडची लस न घेतलेले टेनिसपटू नोव्हाक जोकोविच यांना ऑस्ट्रेलियाने परत पाठवले तेव्हा जगभर दोन तट पडले. आपल्या दोन्ही पत्रलेखकांनी त्याचा उल्लेख केला आहे, पण मंत्र्यांनी दिलेले कारण दोघांनीही वाचलेले नसावे. जोकोविचपासून इतरांना लागण होण्याचा धोका नगण्य आहे, हे मंत्र्यांनी गृहीतच धरले होते. त्यांचा मुद्दा होता की या माणसाच्या उपस्थितीमुळे लसविरोधी भावनेला बळ मिळेल. न्यायालयाने मंत्र्यांचा तो अधिकार मान्य केला, कायद्याने ते बरोबरच असेल. पण परिचारिका म्हणून मला हे पटत नाही. ज्याच्यापासून धोका नाही त्याला इतरांना दिसावे म्हणून सीमेवरून परत धाडायचे, याने कुठला घाबरलेला माणूस बाही वर करून दंड पुढे करतो?

आणि ज्यांनी आपणहून लस घेतली त्यांचे काय झाले? ब्रिटनने कोविशिल्डला मान्यता दिली, पण भारतातले प्रमाणपत्र मानायला ११ ऑक्टोबर २०२१ उजाडला. तोवर दोन्ही डोस घेतलेल्या माणसालाही तिथे दहा दिवस वेगळे राहावे लागे. भारतानेही मग ब्रिटिश प्रवाशांना तोच नियम लावला. हे उट्टे काढणे झाले, त्याचा साथीशी काय संबंध? कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्या लसीचे नाव ३ नोव्हेंबर २०२१ ला येईपर्यंत कित्येक देश लस न घेतलेल्यांतच मोजत होते. सरकारने दिली ती लस मुकाट्याने घेतलेल्या या लोकांपैकी कितीजण पुढच्या वेळी तितक्याच विश्वासाने रांगेत उभे राहतील? अफवांनी नुकसान केले हे खरेच, पण असे नुकसान करायला अफवा लागत नाहीत. ज्या देशांत लसच पोहोचली नव्हती, तिथल्या प्रवाशांची गोष्ट वेगळी सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटना त्याच कारणाने बजावत होती, की जगात लशीचे वाटप इतके विषम असताना देशप्रवेशासाठी तिचा दाखला सक्तीचा करू नका. फार थोड्यांनी ऐकले.

दुसऱ्या पत्रलेखकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २०२२ च्या निकालाचा आधार घेतला आहे, पण अर्धाच. लस घेण्याची बळजबरी कुणावर करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले हे खरे. पण त्याच निकालात सरकारचे लसीकरणाचे धोरण मनमानी नाही, असेही म्हटले आहे, आणि समाजाच्या आरोग्यासाठी प्रमाणात राहून काही निर्बंध घालता येतात, हेही. लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध त्या वेळी योग्य प्रमाणात नाहीत असे न्यायालयाला वाटले, कारण त्यांच्यापासून संसर्गाचा धोका लस घेतलेल्यांपेक्षा जास्त असल्याची माहिती कुणी त्याच्यासमोर ठेवली नव्हती. म्हणजे पुन्हा तेच. रोग अडतो का, ते दाखवा, मग अट घाला.

पहिल्या पत्रलेखकांना, म्हणजे ‘समाजाचे शत्रू’ म्हणणाऱ्यांना, अली माओ मालिन यांच्याबद्दल सांगावेसे वाटते. सोमालियातल्या मेर्का गावी रुग्णालयात ते स्वयंपाकी होते. नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातला शेवटचा माणूस म्हणून त्यांची नोंद आहे, ऑक्टोबर १९७७ ची. रुग्णालयात काम करूनही त्यांनी लस चुकवली होती. कारण? टोचल्यावर दुखेल अशी भीती. देवीच्या रुग्णांना घेऊन निघालेल्या गाडीला रस्ता दाखवायला ते थोडा वेळ आत बसले, तेवढ्यात लागण झाली. ते वाचले. पुढे हेच मालिन पोलिओच्या मोहिमेत गावोगाव फिरले, आणि लस नको म्हणणाऱ्या आईबापांना स्वतःचीच गोष्ट सांगत राहिले. २०१३ मध्ये, तेच काम करत असताना, मलेरियाने गेले. अशा माणसाला शत्रू ठरवून दारातून हाकलले असते, तर पोलिओच्या मोहिमेला तो माणूस मिळाला असता का?

माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. पीतज्वराची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते आणि अंड्यात वाढवलेली असते. साठी ओलांडलेल्यांना तिचा गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता अगदी थोडी, पण तरुणांपेक्षा जास्त असते. मी हे सगळे टोचण्याआधी सांगत असे. “कशाला लोकांना घाबरवता?” असे बरोबरीचे काहीजण म्हणत. मला दिसले ते वेगळेच. धोका किती आहे आणि किती नाही हे सरळ सांगितले, की माणूस शांत होतो. टाळाटाळ केली की तो मोबाइल काढून शोधू लागतो, आणि तिथे त्याला काय सापडते ते आपण जाणतोच. एक वयस्क गृहस्थ मुलीकडे निघाले होते. त्यांचे विमान वाटेत ज्या देशात बराच वेळ थांबणार होते, केवळ त्यामुळे त्यांना दाखला लागणार होता. आमच्या डॉक्टरांनी त्यांना लस दिली नाही, तिकीट बदलून दुसऱ्या मार्गाने जायला सांगितले. ते गृहस्थ पुढे नातवाला लस द्यायला त्याच डॉक्टरांकडे घेऊन आले. तोवर त्यांच्या घरात लसीचे नाव काढायची सोय नव्हती म्हणे.

म्हणून दाखला मागणाऱ्या प्रत्येक नियमाखाली दोन ओळी जास्त छापाव्यात: हा का मागतो आहोत, आणि कधी पुन्हा तपासणार आहोत. वैद्यकीय कारणाने लस घेता न येणाऱ्याच्या पत्राला विमानतळावर तितकाच मान मिळावा. पिवळ्या पुस्तिकेत त्यासाठी वेगळी जागा छापलेली आहे, पण ते मानायचे की नाही हे समोरच्या देशाच्या मर्जीवर, आणि खिडकीवरचा कर्मचारी ते पान उघडूनही पाहत नाही, अशा तक्रारी मी खूप ऐकल्या. आणि आपल्या बातम्यांत शंका विचारणारा प्रत्येकजण ‘लसविरोधक’ ठरतो, तेवढे थांबले तर बरे. खोटी प्रमाणपत्रे विकणारा तो वेगळा, त्याच्यावर गुन्हाच दाखल व्हायला हवा.

जागा असेल तर एवढे जरूर छापा, कारण यावरून लोकांची अजून फसगत होते. ११ जुलै २०१६ पासून पीतज्वराचे कार्ड जन्मभर वैध आहे. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते चालते, केवळ तारीख उलटली म्हणून पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. कार्डावरचे नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का आहे का, हे केंद्रातून बाहेर पडण्याआधीच पाहून घ्या. खाडाखोड असेल तर तिथल्या तिथे नवे कार्ड मागा, खाडाखोड केलेले कार्ड सीमेवर नाकारले जाऊ शकते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
(नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)