टोपीवरील चिन्ह कोणी रेखाटले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ या दलावरील आपल्या पुरवणीतील लेखात टोपीवरील चिन्हाचे सारे श्रेय संस्थापक डेव्हिड स्टर्लिंग यांना दिले आहे. घोषवाक्य स्टर्लिंग यांचे मानले जाते, हे खरे. चिन्हाची कल्पना मात्र बॉब टेट या त्यांच्या हाताखालील, अधिकारी नसलेल्या सैनिकाची होती. हे दल १९४१ च्या जुलैत इजिप्तमध्ये उभे राहिले आणि सुएझ कालव्याजवळच्या काब्रित येथील छावणीत त्याच वर्षी हे चिन्ह ठरले.

टेट यांच्या मनात होती ती राजा आर्थरची ज्वाळांनी वेढलेली तलवार. चिन्ह नीट पाहिले तर खाली टोक केलेले पाते, त्यावरून आडवी गेलेली घोषवाक्याची पट्टी आणि दोन्ही बाजूंना उसळणाऱ्या ज्वाळा दिसतात. कैरोतील शिंप्यांच्या भरतकामात या ज्वाळांचे पंख झाले असे सांगतात, आणि पुढे सर्वत्र ‘पंखांचा खंजीर’ हेच वर्णन रूढ झाले. हाताने भरलेल्या चिन्हांत नगागणिक थोडा फरक राहणारच, त्यामुळे एखाद्या जुन्या नगावरून मूळ रेखाटनाविषयी निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

छत्रीधारी सैनिकांचे पंखचिन्ह ही तर स्वतंत्र गोष्ट आहे. ते स्टर्लिंग यांचे सहकारी, कोलकात्यात जन्मलेल्या जॉक लुईस यांचे. त्यातील पसरलेले पंख कैरोतील शेफर्ड्स हॉटेलच्या सजावटीतील इजिप्शियन आकृतीवरून घेतले, असा उल्लेख वारंवार येतो. पण ते हॉटेल जानेवारी १९५२ च्या आगीत भस्मसात झाले. लुईस तर डिसेंबर १९४१ मध्येच मारले गेले होते. म्हणजे मूळ आकृतीही समोर नाही आणि सांगणाराही नाही. अशा वेळी तारीख असलेली छायाचित्रे आणि त्या काळातील पत्रे यांना, कित्येक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींपेक्षा अधिक वजन द्यायला हवे.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. उत्तर आफ्रिकेच्या त्याच वाळवंटात, १९४२ मध्ये लिबियातील टोब्रुक हे बंदर शत्रूच्या हाती पडले तेव्हा, मराठा पलटणीचे जवान लढत होते. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडील कित्येक घरांत आजोबा-पणजोबांची पदके व टोपीवरची चिन्हे आजही ट्रंकेत असतील. ती घासून चकचकीत करू नयेत, कारण मागील बाजूचे शिक्के आणि टाक्यांची ठेवण हाच पुष्कळदा कारागिराचा एकमेव माग असतो. ज्यांना ती कोठून आली हे ठाऊक आहे, त्यांच्याकडून आताच लिहून घ्यावे आणि तो कागद वस्तूसोबतच ठेवावा.

पुरवणीच्या पुढील अंकात टेट आणि लुईस यांची नावे देऊन दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा