टीप कुणाच्या हातात पडते?

महोदय,

हॉटेलात टीप द्यावी की नाही, यावर आपल्या पत्रसदरात दोन आठवडे वाद चाललाय. एका वाचकाने टिपेला थेट लाच म्हटलं, दुसऱ्याने अमेरिकेतल्या वीस टक्के टिपेचं उदाहरण पुढे केलं. दोघांपैकी कुणी एखाद्या वेटरला विचारलेलं दिसत नाही. मी वेटर होतो, म्हणून हे पत्र. 1977 ते 1984 अशी सात वर्षं मी लालबागच्या एका उडपी हॉटेलात काढली. कणकवलीजवळच्या गावातून आलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. पहाटे पाचला शटर वर, संध्याकाळी सहाला सुटका, मग रात्रशाळा. झोपायला पुन्हा हॉटेलचीच टेबलं, दोन-दोन जोडून.

आधी लाचेचं बघू. लाच काम व्हायच्या आधी सरकवतात. टीप देणारा माणूस जेवून, हात धुवून, बडीशेप तोंडात टाकून उठलेला असतो. त्याला आमच्याकडून मिळायचं ते मिळून गेलेलं असतं. रोजच्या गिऱ्हाइकाला आम्ही सांबाराची वाटी न मागता पुन्हा भरायचो, हे मात्र खरं. सांबार मालकाचं होतं, त्यामुळे आमचाही हात सैल सुटायचा.

तेव्हाची टीप म्हणजे कडेला नागमोडी कापलेलं दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं, फार झालं तर चार आणे. ते बशीखाली ठेवायची पद्धत होती. बशीखालचं नाणं फडका मारणाऱ्या पोऱ्याने उचलायचं नाही, वेटरला हाक मारायची, हा आमच्यातला अलिखित कायदा. शनिवारी मी त्या पोऱ्याला एक रुपया द्यायचो. मोरीवर भांडी घासणाऱ्याला काहीच जायचं नाही. त्याचं तेव्हा वाईटही वाटलं नाही, हे आज लिहिताना जरा टोचतं.

कॉलेजच्या पोरांची एक खोड होती. चार आणे टेबलावर ठेवायचे, पाण्याने भरलेला ग्लास त्यावर पालथा घालायचा आणि रस्त्यापलीकडे उभं राहून गंमत बघायची. ग्लास उचलला की पाणी पँटवर. पहिल्यांदा माझी फजिती झाली. मग एका जुन्या वेटरने शिकवलं : ग्लासला हात लावून तो टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत आणायचा, खाली ताटली धरायची आणि अलगद कडेबाहेर काढायचा. पाणी ताटलीत, नाणं खिशात. नंतर मी ते पोरांकडे बघत बघत करायचो.

दुसरी गोष्ट गिरणीतल्या एका जॉबरची, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाची. पहिली पाळी सुटली की ते माझ्याच टेबलावर बसायचे, इडली-वडा खायचे आणि न चुकता दहा पैसे ठेवायचे. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे महिना-दोन महिन्यांनी लक्षात आलं, की ते येतात, पण पलीकडच्या रांगेत, नव्या वेटरकडे बसतात. फक्त चहा घेतात. मला वाटलं, माझं काही चुकलं असेल. मालक म्हणाले, “अरे, तुला द्यायला त्याच्याकडे काय नाही. म्हणून लाजतो तो.” त्या दहा पैशांवाचून माझं काहीच अडत नव्हतं. मी एकदा मुद्दाम पाणी घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो, तर ते चहा अर्धा टाकून उठले. मी जायला नको होतं.

म्हणून ज्याला परवडत नाही त्याने देऊ नये, आणि त्यासाठी मान खाली घालून बाहेर पडू नये. टीप न देणाऱ्यांचा आम्हाला राग नसायचा. राग यायचा तो ‘शुक शुक’ करणाऱ्यांचा आणि टिचकी वाजवून बोलावणाऱ्यांचा. ‘अण्णा, जरा पाणी’ म्हणून काहीही न ठेवता गेलेला माणूस आम्हाला चालायचा.

आता आजचं. गेल्या महिन्यात नातीच्या वाढदिवसाला ठाण्यातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटात गेलो. जेवण 3600 रुपयांचं. त्यावर 10 टक्के सेवा शुल्क 360 आणि या सगळ्यावर 5 टक्के जीएसटी 198. एकूण 4158. सेवा शुल्क हा सरकारी कर नाही, ते हॉटेल स्वतःच लावतं. त्या 360 वरही आमच्याकडून 18 रुपये कर घेतला, ही आणखी मजा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजीच सांगितलंय, की हे शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ते कायम केलं आणि हॉटेलवाल्यांच्या दोन संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा भुर्दंड लावला. संघटना त्यावर अपिलात गेल्या आहेत. मी कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, शुल्क काढायला सांगितलं. ‘काढतो सर’ म्हणून त्याने दोन मिनिटांत 3780चं नवं बिल आणलं. वाद नाही, आश्चर्य नाही. रोज दोघे-चौघे सांगत असणार, बाकीचे भरून जात असणार. हॉटेलवाल्याने न ऐकल्यास ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

जावयाने मोबाइलवरून पैसे भरले. ते गेले मालकाच्या खात्यात, त्यात टिपेला जागाच नाही. आमचा वेटर ओडिशाचा, वीस-बावीस वर्षांचा. त्याला विचारलं, सेवा शुल्कातलं तुला काय मिळतं? त्याने आधी गल्ल्याकडे पाहिलं आणि मग टेबलावरचे ग्लास गोळा करायला लागला. मला उत्तर मिळालं. दोनशेची नोट घडी करून त्याच्या हातात दिली, तर तो म्हणाला, “सर, ये डिब्बे में जाता है.”

मी जरा खट्टू झालो. पण डबा कोण उघडतं विचारल्यावर कळलं, की पंधरा दिवसांनी, सगळ्यांच्या समोर. मोरीवाल्यालाही वाटा असतो, थोडा कमी. ही आमच्या बशीखालच्या कायद्यापेक्षा बरी पद्धत आहे, हे मला मान्य करावं लागलं. तेव्हा डब्याला माझी हरकत नाही. फक्त तो कुणासमोर उघडतो ते विचारून घ्यावं.

अमेरिकेचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तिथल्या केंद्रीय कायद्याने टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान 2.13 डॉलर दिले तरी चालतात, उरलेलं टिपेतून भरून निघायला हवं. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. बऱ्याच राज्यांत जास्त देतात, पण गिऱ्हाइकाचे वीस टक्के हा तिथे पगाराचाच भाग. आपल्या 1948च्या किमान वेतन कायद्यात टीप पगारात धरायची अशी सवलत नव्हती. ‘टीप मिळते ना तुला’ म्हणून पगार कापणारा मालक मीही पाहिलाय, पण ती त्याची लबाडी.

माझा स्वतःचा हिशोब साधा आहे. चहा-नाश्त्याला दहा रुपये, सहकुटुंब जेवणाला शेकडा पाच ते सात, आणि जिथे आपणच ताट उचलून आणायचं तिथे काही नाही. अडचण एवढीच, की खिशात सुट्टे नसतात आणि एटीएममधून दहाची नोट निघत नाही. म्हणून दर महिन्याला पेन्शन काढताना मी बँकेतून दहाच्या नोटांची एक गड्डी मागून घेतो. खिडकीतल्या ताईंनी परवा विचारलंच, “काका, घरात लग्नकार्य आहे का?”

म्हटलं, नाही, डोसा खायला चाललोय.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)